१६ फुटी प्लॉटवर चौकाचं रो हाऊस: उजेड खरंच खालपर्यंत येतो का?

सोळाबायसाठ:
नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसतं वाचत होतो, आज पहिल्यांदा धागा काढतोय, लांबण लागली तर सांभाळून घ्या. प्लॉट १६ फूट रुंद आणि ६० फूट लांब, दोन्ही बाजूंना घरं चिकटून, रस्ता उत्तरेला, मागे दक्षिणेला दुसऱ्याचा प्लॉट. पुढे-मागे पाच पाच फूट सोडले की बांधायला ५० फूट उरतात आणि दोन्हीकडच्या नऊ इंची भिंती वजा केल्या की आतून साडेचौदा. म्हणजे घर नाही, बोगदाच. राहणार आम्ही दोघं, दोन मुलं आणि आई, आईचे गुडघे गेलेत त्यामुळे तिची खोली तळमजल्यालाच पाहिजे.

मला चौक हवाय हे मी पहिल्या दिवसापासून सांगतोय. नकाशा आला तर त्यात मधोमध ५ बाय ६ चा एक चौकोन आणि त्यावर ठसठशीत ‘कोर्टयार्ड’. तीन बाजूंनी बाथरूमच्या खिडक्या त्यात उघडणार, पुढचा भाग दोन मजली, मागचाही दोन मजली, म्हणजे २१ फुटी भिंती. विचारलं की यातून खाली उजेड येईल का, तर उत्तर मिळालं की वरून उघडं आहे ना, मग येणारच. मला पटत नाहीये पण मुद्दा मांडता येत नाही. आणि घरून वेगळंच, बायको म्हणते मोकळी जागा सोडायचीच तर तिथे एक खोली का नको. कोणी असं घर बांधलंय किंवा राहिलंय का अशा घरात?

मौनीबाबा:
५ बाय ६ म्हणजे विहीर. पोहरा आणि दोर तेवढा आणा.

नकाशेवाला:
मौनीबाबा हसवतायत पण बरोबर बोलतायत. आमच्या धंद्यात याला डक्ट म्हणतात, बाथरूमची हवा जायला ठीक, उजेडाला नाही. वरून उघडं असणं आणि खाली उजेड पोचणं यात फरक आहे. तळाशी उभं राहून वर बघितलं तर आकाशाचा केवढा तुकडा दिसतो, सगळा खेळ त्यावर.

याचं एक साधं गणित आहे, वेल इंडेक्स म्हणतात. भिंतीची उंची गुणिले (लांबी अधिक रुंदी), भागिले दुप्पट क्षेत्रफळ. तुमचा आकडा काढा, २१ गुणिले ११ म्हणजे २३१, त्याला ६० ने भागा, ३.८५ आले. १० बाय १० चा चौक केला तर २.१. ११ बाय १४ केला तर १.७. आकडा जितका लहान तितकं तळाशी आकाश जास्त. मी स्वतः दोनच्या वर गेलो की अस्वस्थ होतो, हा नियम नाही, माझी सवय आहे, पण ३.८५ ला तर खालच्या खोलीत भरदुपारी दिवा लागणार हे लिहून घ्या.

आणि प्लॅन बघत बसू नका, सेक्शन मागा. घर उभं कापल्यावर कसं दिसतं तो कागद. प्लॅनवर ५ बाय ६ चा चौकोन छान दिसतो, सेक्शनमध्ये तोच चौकोन बोळ दिसतो. ज्या आर्किटेक्टने चौक दाखवलाय पण सेक्शन काढलेलाच नाही त्याने चौकाचा विचारच केला नाहीये असं बिनधास्त समजा.

बिनछत्री:
एवढं पण वाईट नाही हो. जपानमधल्या क्योतोची जुनी माचिया घरं बघा, समोरून चिंचोळी आणि मागे लांबच लांब, तिथले लोक त्याला ईल माशाचं अंथरूण म्हणतात. त्यांच्यातली आतली बाग म्हणजे त्सुबोनिवा. एक त्सुबो म्हणजे दोन तातामी चटयांएवढी जागा, साधारण ३६ चौरस फूट. म्हणजे सहा बाय सहाच की! तुमच्या ५ बाय ६ पेक्षा जेमतेम सहा चौरस फूट जास्त, आणि शेकडो वर्षं चाललंय.

नकाशेवाला:
@बिनछत्री, उदाहरण चांगलं काढलंत पण अर्धंच सांगितलंत. एक तर त्या घरांची छपरं ठेंगणी, बागेभोवती बऱ्याचदा एकच मजला. दुसरं, एका घरात अशा एकाहून जास्त बागा असायच्या, आणि एक लहान एक मोठी असली की दोन्हींच्या तापमानात फरक पडून मधल्या खोलीतून वारा फिरतो. तिसरं म्हणजे त्या खोल्यांमध्ये मंद उजेड चालत होता, तिथे कोणी लॅपटॉप घेऊन बसत नव्हतं. एक दगड, एक नेचं आणि थोडी झुळूक एवढीच त्या बागेकडून अपेक्षा. मलेशियातल्या मलाक्का आणि पेनांगच्या दुकानघरांचंही तेच, खोल घरात एकामागोमाग एक उघडे चौक. एकच बारकी विहीर आणि वर दोन मजले हा प्रकार जुन्या कोणी केलेला नाही, तो आपण एक एक चौरस फूट मोजायला लागल्यावर सुरू झाला.

पागोळी:
आम्ही गेली १२ वर्षं चौकाच्या घरात राहतोय, १८ फुटी प्लॉट, चौक साधारण १० बाय १२. छान छान फोटो सगळे टाकतात म्हणून मी दुसरी बाजू सांगते, आणि आधीच सांगते की मला परत घर बांधायचं झालं तर चौक ठेवीनच.

पहिलं म्हणजे आवाज. चार कडक भिंती म्हणजे घुमट. खाली मिक्सर लावला की वर झोपलेलं माणूस उठतं, आणि वरच्या खोलीतलं नवरा-बायकोचं भांडण खाली स्पष्ट ऐकू येतं, पाहुणे असतील तर फारच स्पष्ट. एका भिंतीवर वेल चढवली आणि कुंड्यांची गर्दी केली तेव्हा जरा कमी झालं. दुसरं शेवाळ, ज्या कोपऱ्यात ऊन पोचत नाही तिथे पावसाळ्यात हिरवंगार आणि निसरडं, तुमच्या आईसाठी हे फार महत्त्वाचं, गुळगुळीत फरशी अजिबात घालू नका. तिसरं, पानं. झाड एकच आहे हो, पण पानं दहा झाडांची पडतात.

आणि चौथी चूक आमची आमची. पाचव्या वर्षी कंटाळून वरून पॉलिकार्बोनेटचे पत्रे टाकून घेतले. करणारा म्हणाला उजेड तोच राहील, पाऊस येणार नाही. उन्हाळ्यात भट्टी झाली, पावसात ताशा वाजायचा, आणि दोन वर्षांत पत्र्यावर असली काजळी धरली की उजेडही गेला. काढून टाकले. आता फक्त लोखंडी जाळी आहे, चोर आणि माकडं यांच्यासाठी.

अर्धवट_इंजिनिअर:
पागोळीताई, पत्रे भिंतीपासून वर उचलून बसवले होते का? कडेने फूट दीड फूट फट ठेवली तर गरम हवा निघून जाते. टेकवून बसवले की ग्रीनहाऊस होणारच, ऊन आत येतं पण उष्णता बाहेर जायला वाट नाही.

पागोळी:
टेकवूनच बसवले होते. फट ठेवली तर पाऊस येईल ना म्हणे. आता काय बोलणार.

बिनछत्री:
माझं मत, छप्पर-बिप्पर काही नको. जपानमध्ये ओसाकाला तादाओ आंदो या आर्किटेक्टचं सुमियोशीचं घर आहे, १९७६ सालचं. जेमतेम ११ फूट रुंद आणि ४६ फूट लांब, दोन्हीकडे शेजारी, रस्त्याच्या बाजूला खिडकीच नाही, नुसतं काँक्रीट आणि एक दार. लांबीचे सरळ तीन समान भाग आणि मधला भाग पूर्ण उघडा. खाली बैठकीतून जेवायच्या खोलीत किंवा बाथरूमला जायचं तर चौक ओलांडायचा, वरच्या दोन खोल्यांच्या मध्ये उघडा पूल. पाऊस असेल तर छत्री घ्यायची. एक तृतीयांश घर आभाळाला देऊन टाकलं माणसाने! १९७९ ला जपानच्या आर्किटेक्ट लोकांच्या संस्थेचं बक्षीस मिळालं त्याला. माझं नाव त्याच्यावरूनच आहे, उलटं 😀

सोळाबायसाठ:
भारी आहे. पण माझी आई रात्री तीनदा उठते. पावसात छत्री घेऊन बाथरूमला पाठवलं तर ती घर सोडून जाईल, आणि जायलाच पाहिजे.

बिनछत्री:
आईचं बाथरूम तिच्याच बाजूला ठेवा ना. चौक ओलांडायचा तो बाकीच्यांनी.

नकाशेवाला:
हा मुद्दा विनोदाचा वाटतोय पण अरुंद प्लॉटवरचा मुख्य प्रश्न हाच आहे की चौक ओलांडायचा कसा. दोनच रस्ते. एक तर चौक भिंतीपासून भिंतीपर्यंत पूर्ण रुंदीचा आणि तुम्ही उघड्यातून चालत जाता. नाहीतर एका कडेला साडेतीन फुटांचा झाकलेला पॅसेज. साडेचौदातून साडेतीन गेले की चौक उरतो अकरा. रुंद प्लॉटवाल्याला हा प्रश्नच पडत नाही, चौकाच्या चारी बाजूंनी ओसरी फिरवली की झालं. इथे ती चैन नाही. एका बाजूला ओसरी, म्हणजे पॅसेज, बाकी भिंत.

पावसाळा जोराचा असेल आणि घरात वयस्कर माणूस असेल तर मी पॅसेजच देईन, पण काचेचा, म्हणजे तो चौकाचाच भाग वाटतो. काच पूर्ण सरकणारी घ्या, अर्धी फिक्स नको.

कडेचा_खांब:
मी स्ट्रक्चरवाला. एक आयडिया, जिना या पॅसेजमध्येच टाका. साडेदहा फूट मजला म्हणजे १२६ इंच, ७ इंची १८ पायऱ्या, त्यात १७ पावलं १० इंचाची, १७० इंच, म्हणजे १४ फूट आणि वर दोन इंच. चौक १४ फूट लांब घेतला तर सरळ एक धावेचा जिना चौकाच्या कडेने जवळपास तंतोतंत बसतो. चढताना चौक दिसतो. मस्त काम.

अर्धवट_इंजिनिअर:
आणि तळमजल्यावरून पलीकडे जाणार कुठून? साडेतीन फुटाच्या पट्ट्यात जिना भरला की खालचा पॅसेज गेला. वरच्या टोकाकडे डोकं लागणार नाही पण खालच्या टोकाला पहिली पायरीच आडवी येते.

कडेचा_खांब:
हम्म. खरंय. माघार. वरचा पॅसेज तेवढा सुटला, खालचा अडकला.

बरं तोवर माझ्या कामाचं सांगतो. चौक मध्ये काढला की इमारतीचे दोन तुकडे होतात आणि एका बारक्या पॅसेजने जोडलेले राहतात. भूकंपात हे दोन तुकडे वेगवेगळे हलायला बघतात आणि सगळा ताण त्या जोडावर येतो. एक तर जोड पुरेसा मजबूत डिझाइन करा नाहीतर सरळ सांधा देऊन दोन वेगळ्या इमारती माना, मधलं अर्धवट काही नको. आणि हद्दीवरचे खांब, त्यांचा पाया शेजारच्या जमिनीत पसरता येत नाही, तो एका बाजूलाच येतो आणि कलायला बघतो, म्हणून समोरच्या खांबाशी बीमने बांधावा लागतो. चौकात झाड लावणार असाल तर तो बीम कुठून जातोय ते खड्डा करायच्या आधी विचारा. हे प्रत्येकजण झाड लावायच्या दिवशी विचारतो.

सोळाबायसाठ:
एवढं सगळं कोणी सांगितलंच नव्हतं, धन्यवाद. आता ११ बाय १४ धरून बोलतो. १५४ चौरस फूट, म्हणजे आतल्या ७२५ पैकी २१ टक्के. बायकोला हा आकडा अजून सांगितलेला नाही. ऊन येईल का पण? नुसता उजेड नाही, हिवाळ्यात ऊन.

अर्धवट_इंजिनिअर:
हे माझं आवडतं. हिवाळ्यातल्या सगळ्यात लहान दिवशी दुपारचा सूर्य किती वर असतो ते काढायला ९० मधून तुमचा अक्षांश वजा करा आणि वर २३.४ वजा करा. तुमचा अक्षांश २० धरला तर ४६.६ अंश. म्हणजे भिंत जेवढी उंच जवळपास तेवढीच तिची सावली. उत्तर गोलार्धात सूर्य तेव्हा दक्षिणेला, म्हणून तुमच्या चौकावर सावली टाकतो तो तुमचाच मागचा भाग, शेजारी नाही. दक्षिण गोलार्धात कोणी वाचत असेल तर सगळं उलटं करा.

तुमचं नशीब चांगलं की प्लॉटची लांबी उत्तर-दक्षिण आहे. रस्ता पूर्वेला किंवा पश्चिमेला असता तर दक्षिणेला शेजाऱ्याची भिंत आली असती आणि चौक त्या दिशेने साडेचौदाच्या पुढे ताणताच आला नसता. तुम्हाला लांबीच्या दिशेने हवा तेवढा ताणता येतो.

आता बघा. मूळ नकाशा, चौक दक्षिण-उत्तर ६ फूट आणि मागचा भाग २१ फूट उंच, ऊन समोरच्या भिंतीवर पावणेपंधरा फुटांच्या वर लागतं, म्हणजे तळमजल्याला शून्य आणि वरच्यालाही अर्धवट. चौक १४ फूट केला आणि मागचा दोन मजलीच ठेवला तर ऊन सहा फुटांपर्यंत खाली येतं. आणि मागचा भाग एकच मजला ठेवला, साडेदहा फूट, वर भरीव कठडा न घालता उघडं रेलिंग, तर सावली दहा फुटांत संपते, चौकाच्या जमिनीवर चार फुटांचा पट्टा उन्हाचा आणि उत्तरेकडची पूर्ण भिंत उन्हात.

३५ अक्षांशाला हेच गणित करा, सूर्य ३१.६ अंशावर, एकमजली मागच्या भागानेही ऊन भिंतीवर दोन फुटांच्या वरच राहतं आणि दोन मजली असेल तर साडेबारा फुटांच्या वर. म्हणून कुठलातरी सुंदर चौक बघून आपल्याकडे तसाच उचलून आणायचा नाही, अक्षांश बदलला की चौक बदलतो.

नकाशेवाला:
वा! म्हणजे उत्तर सापडलं तुमचं. मागचा, दक्षिणेचा भाग एकच मजला, त्यात आईची खोली आणि तिचं बाथरूम. मग वरच्या मजल्यावर पलीकडे जायचंच नाही, म्हणजे वरचा पॅसेज लागत नाही, म्हणजे जिन्याचा मघाचा गुंता सुटला, जिना पुढच्या भागात. कमी पडलेल्या खोल्या पुढच्या भागावर तिसऱ्या मजल्यात चढवा. उत्तरेचा भाग कितीही वर गेला तरी हिवाळ्यातल्या दुपारच्या उन्हात तुमच्या चौकावर त्याची सावली पडत नाही, ती रस्त्याकडे पडते. उलट दक्षिणेला तोंड करून उभी असलेली ती उंच भिंत उन्हात तापते, चमकते आणि उजेड खाली आईच्या खोलीकडे फेकते. घराचा सेक्शन पायरीसारखा होतो, मागे ठेंगणा, पुढे उंच.

जिन्यावर वर झडपांचा स्कायलाइट, म्हणजे छतातली खिडकी ठेवा. गरम हवा जिन्यातून वर चढून तिथून निघेल आणि चौकातली गार हवा खालून आत ओढली जाईल. रात्री चौकाची जमीन आकाशाकडे उष्णता टाकून थंड होते, त्या थंडाव्याचा फायदा सकाळी दहा-अकरापर्यंत मिळतो, पण त्यासाठी रात्री काचा उघड्या पाहिजेत, म्हणजे डासांची जाळी पाहिजे, म्हणजे पुन्हा थोडा उजेड कमी. फुकट काही नसतं.

गुळगुळीत_दगड:
तिसरा मजला चढवल्यावर आकाश कमी नाही का होणार? ढगाळ दिवसात ऊनच नसतं, तेव्हा ती उंच भिंत नुसता अडथळा.

नकाशेवाला:
होणार. ढगाळ दिवसात तोटा आहे, नाकारत नाही. पण मागचा मजला कमी केल्याने जे मिळालं ते जास्त आहे, आणि भिंतीचा रंग नीट ठेवला तर तोटा भरून निघतो. चौकाच्या तळाशी पोचणारा बराचसा उजेड थेट येत नाही, भिंतींवर उड्या मारत येतो. पांढरी भिंत साधारण ८० टक्के परत फेकते, उघडी वीट किंवा गडद रंग ३० च्या आसपास. तीन उड्यांनंतर हिशेब करा, पांढऱ्यावर ५१ टक्के उरतात, विटेवर पावणेतीन टक्के. लोक चौकात हौसेने उघडी वीट ठेवतात आणि मग विचारतात अंधार का. वीट पाहिजे तर जमिनीपासून कमरेपर्यंत, वर पांढरं.

फक्त चकचकीत पांढरं नको, मॅट. आईची खिडकी त्या उन्हातल्या भिंतीसमोर येणार, दिवसभर डोळे दिपतील. डोळ्यांच्या पातळीला वेल सोडा, वर मोकळं.

पागोळी:
आणि समोरासमोर खिडक्या नकोत हो! १४ फुटांवरून सगळं दिसतं. मग पडदा लागतो, आणि एकदा पडदा लागला की तो दिवसभर ओढलेलाच राहतो, मग कसला चौक आणि कसला उजेड. आमच्याकडे एका खोलीचं असंच झालंय. खिडक्या सरकवून घ्या किंवा एकीचा खालचा भाग आंधळ्या काचेचा.

अर्धवट_इंजिनिअर:
खिडक्यांचंच अजून एक. उजेड खोलीत किती आत जातो तर ढोबळमानाने खिडकीच्या माथ्याच्या उंचीच्या दोन-अडीच पट. सात फुटावर लिंटेल, म्हणजे खिडकीवरची आडवी पट्टी, असेल तर १४ ते १७ फूट. त्याच खिडकीचा माथा स्लॅबपर्यंत नेला, साडेनऊ फूट, तर तीच खोली मागच्या भिंतीपर्यंत उजळते. खालून दोन फूट काच वाढवण्यापेक्षा वरून दोन फूट वाढवणं कधीही फायद्याचं, खालचा उजेड फक्त फरशीला मिळतो. ५० मधून चौकाचे १४ आणि मागच्या भागाचे १६ गेले की तुमचा पुढचा भाग २० फूट खोल आहे आणि त्याला उत्तरेकडून रस्त्याचाही उजेड आहे, म्हणजे मध्ये अंधार राहायला नको.

कडेचा_खांब:
पॅसेज पश्चिमेच्या भिंतीला घ्या. मग त्याची काच पूर्वेकडे बघते, सकाळचं कोवळं ऊन मिळतं. पूर्वेच्या भिंतीला घेतला तर काच पश्चिमेकडे बघणार आणि दुपारी तीनला पॅसेज तापणार.

बिनछत्री:
उन्हाळ्याचं काय? २० अक्षांशाला उन्हाळ्यात सूर्य दुपारी जवळपास डोक्यावरच. ११ बाय १४ च्या उघड्या चौकात सरळ आत येणार.

नकाशेवाला:
येणार. म्हणून काढता-घालता येणारी सावली, पक्की नको. स्पेनमध्ये सेव्हिल, कोर्दोबाच्या घरांत पाटिओवर कापड ओढतात, तोल्दो म्हणतात, दुपारी ओढायचं आणि संध्याकाळी बाजूला करायचं. दोन भिंतींमध्ये चार स्टीलच्या तारा आधीच बसवून ठेवा, हूक गिलाव्याच्या आधी. नंतर भोकं पाडायला लागलात की तिथूनच गळती.

पागोळी:
पाण्याचं कोणीच बोललं नाही अजून. उजेडाच्या गप्पा छान आहेत पण चौक बुडवतो तो पाण्यात.

अर्धवट_इंजिनिअर:
ताई तुम्ही थांबाच, मी आकडे टाकतो. तासाला १०० मिलिमीटरची सर आली, जी जोरदार पावसात थोडा वेळ येतेच, तर १५४ चौरस फुटांवर मिनिटाला २४ लिटर. तेवढं काही नाही. पण गच्च्यांचं पाणीही चौकात सोडलंत तर सगळे ७२५ चौरस फूट मिळून मिनिटाला ११२ लिटर. रोमन घरात छपराचे उतार मुद्दाम आत असायचे आणि मधल्या हौदात पाणी जमायचं, ते ठीक, त्यांना पाणी साठवायचंच होतं. तुम्ही पुढच्या गच्चीचं पाणी पुढे रस्त्याकडे आणि मागच्याचं मागे काढा, चौकात फक्त चौकाचं.

चार इंची पाइप शंभरात एक उताराने टाकला तर हे ११२ लिटरसुद्धा सहज वाहून नेतो. पाइप कमी पडत नाही, जाळी तुंबते. दोन पानं आडवी बसली की संपलं. आणि अंगणात पाणी साठलं तर कुठेतरी वाहून जातं, चौक चारी बाजूंनी बंद असल्याने पाण्याला एकच वाट उरते, तुमच्या आईच्या खोलीचं दार. म्हणून चौकाची जमीन घरापेक्षा निदान सहा इंच खाली, आणि दुसरं आउटलेट, भिंतीत दोन-तीन इंच वर, वेगळ्या लाइनला, पहिलं तुंबलं तर कामाला येणारं. पाइप घराखालून जाणार म्हणून दोन्ही टोकांना चेंबर, आत काठी घालता येईल असं.

पागोळी:
हेच. आमच्याकडे एकच आउटलेट होतं. रात्री अडीच वाजता गादी तरंगताना बघितलीये मी. आणि जाळी कोण साफ करणार ते माणूस आधीच ठरवा, सगळे म्हणतात मी करीन.

सोळाबायसाठ:
सहा इंच खाली म्हणजे आईला पायरी आली. तिथे उतार करून घेतो, कठडा धरून. मागचा शेजारी उद्या वर चढला तर मात्र सगळं मुसळ केरात, ना?

अर्धवट_इंजिनिअर:
मोजू या. चौकाच्या उत्तर भिंतीपासून १४ फूट चौक, १६ फूट मागचा भाग, ५ फूट तुमचे आणि त्याने सोडलेले ५, म्हणजे ४० फूट. ४६.६ अंशाला ४२ फुटांपर्यंतची इमारत त्या भिंतीच्या पायाशी सावली टाकत नाही. तीन मजले आणि कठडा मिळून ३५ धरा, काही फरक नाही. चार मजले चढवले तर भिंतीचे खालचे अडीच-तीन फूट जातील. झोपा शांत.

बाजूच्या शेजाऱ्यांवर मात्र विसंबू नका. त्यांच्या गच्चीवरून आज येणारा तिरका उजेड बोनस, तो हिशेबात धरायचा नाही.

मौनीबाबा:
पुठ्ठ्याचं मॉडेल करा. बास.

नकाशेवाला:
मौनीबाबांचं मनावर घ्या. पन्नासास एक मापाचं, पांढऱ्या पुठ्ठ्याचं, छप्पर सुटं. उन्हात धरून तिरकं करा म्हणजे हिवाळ्याचा कोन येतो, दारातून मोबाइल घालून फोटो काढा. शंभर थ्रीडी चित्रांपेक्षा खरं, त्या चित्रात सूर्य कुठूनही लावता येतो. आणि बायकोसाठी एक मॉडेल चौक भरून टाकलेलं करा, मधली खोली किती काळी दिसते ते त्यांनाच बघू द्या. नियमही बघून घ्या तुमच्याकडचे, उघड्या चौकाचं क्षेत्रफळ एफएसआयमध्ये, म्हणजे प्लॉटवर किती बांधता येतं त्या हिशेबात, धरतात का आणि किमान माप किती लागतं, हे गावोगाव वेगळं.

बिनछत्री:
चौक नकोच झाला तर व्हिएतनामच्या हो ची मिन्ह सिटीतलं २०११ सालचं एक घर बघा, वो त्राँग न्या या आर्किटेक्टचं, ४ मीटर बाय २० मीटर, म्हणजे जवळपास तुमचाच प्लॉट. पुढची आणि मागची भिंत म्हणजे आडव्या काँक्रीटच्या कुंड्यांच्या ओळी, आणि वरून उजेड. पण मागे तुमच्याकडे पाचच फूट आहेत.

सोळाबायसाठ:
तीन आठवड्यांनी परत आलोय. मॉडेल केलं, मुलांनी केलं खरंतर. दोन्ही प्रकार. चौक भरलेल्या मॉडेलमध्ये मोबाइल घातला तर स्क्रीन काळी, बायको काही बोलली नाही, नुसतं म्हणाली की खोली तिसऱ्या मजल्यावर घेऊ. आर्किटेक्टकडे सेक्शन मागितला तेव्हा जरा तोंड वाकडं झालं पण दुसऱ्या बैठकीला स्वतःच पायरीचा सेक्शन काढून आणला आणि त्यात एक गोष्ट आमच्यापेक्षा चांगली केली, पॅसेजच्या छतावर नऊ इंच मातीची कुंडी घेतली, वेल तिथून खाली सोडायची, म्हणजे चौकाच्या जमिनीत बीमपाशी खणायलाच नको. आईच्या खोलीच्या मागे पाच फुटात बाथरूमची खिडकी, चौकात एकही बाथरूम उघडत नाही.

एक अडकलंय. पूर्वेच्या शेजाऱ्याची भिंत आमच्या चौकाच्या वर दहा फूट डोकावते, बिनगिलाव्याची, काळपट वीट. ती पांढरी केली तर उड्यांच्या हिशेबाने आम्हालाच फायदा. विचारलं तर म्हणाले करा की, पण मग आमची पुढची बाजूही करून द्या.

पागोळी:
करून द्या. दहा फूट विटेच्या अंधारापेक्षा स्वस्त पडेल. जाळीचं काय ठरलं?

सोळाबायसाठ:
ड्रेनेजच्या नकाशावर आउटलेटशेजारी थोरल्याचं नाव लिहून सही घेतलीये. धाकटा साक्षीदार.

पागोळी:
दोन्ही आउटलेटसाठी घेतली ना?

सोळाबायसाठ:
...उद्या घेतो.